दुखत नाही, मॅडम

४ नोव्हेंबर, मंगळवार

कापूस सुरू झाला. जिनिंगच्या रस्त्यावर पहाटेपासून टेम्पो आणि ट्रॅक्टरची रांग. अंधारात सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या माझ्या मुलींना तिथून पळायला लावणं धोक्याचं. आजपासून बाजार समितीमागच्या सिमेंट रस्त्यावर नेलं. सरळ रस्ता, खड्डे नाहीत, कुत्री कमी. राधा म्हणाली, "मॅडम, हे लय टणक लागायलंय पायाला." म्हटलं, सैन्यात गादी अंथरून पळवत नाहीत. हसल्या. पळाल्या.

दु. विद्यापीठातल्या डॉ. मृणाल यांचा फोन. गुरुवारी येणार. औषध देणाऱ्या डॉक्टर नव्हेत, शरीराच्या हालचालीचं मोजमाप हा त्यांचा विषय. सैन्यात भरती झालेल्यांच्या नडगीची हाडं प्रशिक्षणातच तडकतात, मुलींची जास्त. ती भरतीआधीच कमजोर झालेली असतात का, कुणाचं तडकेल हे अगोदर ओळखता येतं का, हे पाहायला आमच्यासारख्या मैदानांवर फिरतायत. मी विचारलं, तुमच्या यंत्रात चांगलं कशाला म्हणतात? त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. उडीवरून उतरताना धक्का कमी बसावा, गुडघे आत पडू नयेत, दोन्ही पायांवर भार सारखा. नीट ऐकून घेतलं.

ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "निवृत्त झालीस तरी इन्स्पेक्शन काही तुला सोडत नाही."

५ नोव्हें., बुध.

आज पळणं थोडं, उतरणं जास्त. शाळेच्या हॉलमधल्या स्टेजच्या पायरीवरून एकेकीला उड्या मारायला लावल्या. आवाज आला की पुन्हा. गुडघा आत गेला की पुन्हा. भरतीच्या मेडिकलच्या आधी मी हेच करते. तळवा सपाट असेल तर बोटं आवळून कमान कशी आणायची, गुडघे टेकत असतील तर टाचा किती फाकवायच्या. वर्षानुवर्षं शिकवतेय, त्यात कधी काही वाटलं नाही.

शेवटी रांगेत उभं करून सांगितलं, उद्या विचारतील, कुठं दुखतं का. काय सांगायचं?

"दुखत नाही, मॅडम!" एका सुरात. हॉल घुमला.

बरं वाटलं.

६ नोव्हें., गुरु.

डॉ. मृणाल म्हणजे पंचविशीतली वाटणारी, तिशीतली बाई. सोबत कॅमेरे, वायरी, जमिनीवर ठेवायची एक लोखंडी पाटी. त्या पाटीवर उतरलं की धक्का किती ते लॅपटॉपवर उमटतं. मुलींच्या गुडघ्याला, घोट्याला, कमरेला चमकणारे गोल ठिपके चिकटवले. राधाला हसू आवरेना. "मॅडम, टिकल्या गुडघ्याला लावायल्यात! नवरा कुठं बघावा म्हणायचा?" मी दटावलं. मृणाल मात्र खळखळून हसली.

प्रत्येकीला बसवून प्रेमानं विचारत होती. कुठं दुखतं? पळताना? सकाळी उठल्यावर? एकेक मुलगी पाठ ताठ करून, समोर भिंतीकडं बघून: "नाही, मॅडम." मी दाराशी हाताची घडी घालून उभी.

उड्या सुंदर झाल्या. आवाजच नाही. मृणाल म्हणाली, "मॅडम, कमाल आहे. असं उतरणं मी शहरातल्या खेळाडूंमध्ये पाहिलेलं नाही."

संध्याकाळी मुद्दाम गोडाचा शिरा केला.

७ नोव्हें., शुक्र.

रेणुका जिना उतरताना कठड्याला धरून उतरली. मी खालून बघत होते. ती चारठाण्याच्या गुरवाची मुलगी, इथं सेलूत मावशीकडे राहते. माझ्या मुलींत सगळ्यांत पुढं पळणारी. वयाच्या हिशेबानं तिची ही शेवटची भरती. पुढच्या वेळी बसत नाही.

विचारलं, "नडगी?"

"न्हाई मॅडम. उगं जरा."

बोटानं दाबलं. नडगीच्या आतल्या बाजूला, एकाच जागी. चेहरा हलवला नाही तिनं, पण मान ताठली. मला कळलं. इतकी वर्षं मैदानावर काढली, एवढं कळतं.

स्प्रे दिला, पट्टी बांधून दिली. म्हटलं, उद्या पाठीवर वजन घेऊन चालायचंय, पट्टी काढून ये. त्यांना दिसायला नको.

८ नोव्हें., शनि.

वाळूच्या पिशव्या पाठीवर. सिमेंट रस्त्यावर जाऊन येऊन. नडगीला एक डबीएवढं यंत्र बांधलेलं, प्रत्येक पावलाचा धक्का टिपणारं. सगळ्यांत चांगली रेणुका. मृणालनं लॅपटॉपवर तिची रेघ दाखवली, सपाट, शांत. "ही आदर्श आहे. हिच्या हाडाला कधी काही होणार नाही." रेणुकेनं माझ्याकडे पाहून हसू दाबलं. मीही.

परत जाताना मृणालनं वाकून नमस्कार केला. मला आवडलं.

१७ नोव्हें., सोम.

मृणालचा फोन. आमच्या मैदानाचं मोजमाप तिच्या अंदाजाच्या उलट निघालं. सिमेंटवर पळूनही एकीचीही तक्रार नाही, धक्के कमी. "कदाचित कठीण रस्त्याची आम्ही उगाच भीती घेतली होती. शिकवण्याचं तंत्र महत्त्वाचं दिसतंय. दुसऱ्या मैदानांनाही सांगता येईल." माझं तंत्र.

हो म्हटलं. आणखी काय म्हणणार होते.

दिवसभर कशात लक्ष लागेना. भाजी करपली.

२४ नोव्हें., सोम.

रेणुका पडली. पळता पळता, काही आड न येता, सरळ रस्त्यावर. फांदी मोडल्यासारखा आवाज आला, राधा म्हणते. मी मागं होते, मला ऐकू आला नाही. ऐकू आला असता तर बरं झालं असतं, कायम लक्षात राहिला असता.

रिक्षात माझ्या मांडीवर पाय. रस्ताभर एकच, "मॅडम, भरतीची तारीख कवा येईल?" ओरडली नाही.

एक्स-रे. नडगीचं हाड. हाडांचे डॉक्टर तरुण आहेत, पण मोजकं बोलणारे. म्हणाले, "हे आजचं नाही. आधी चीर होती, त्यावर पळत राहिली. हिला दुखलं कसं नाही?" मी त्यांच्या टेबलावरच्या सांगाड्याकडे बघत राहिले.

प्लास्टर.

२६ नोव्हें., बुध.

हे लिहायचं नव्हतं. लिहिते.

मृणाल आली. मीच फोनवर कळवलं होतं, नुसतं 'पडली' एवढं. दवाखान्यात रेणुकेचे वडील बसलेले. धोतर, टोपी, हातात देवळातला अंगारा. मृणालनं सरळ त्यांच्यापुढे हात जोडले. "काका, माझी चूक झाली. मी हिला तपासलं होतं. मी म्हटलं होतं, हिला काही होणार नाही. मला दिसायला हवं होतं." डोळे भरलेले. वडील गोंधळले. "न्हाई बाई, तुमचं काय त्यात? मशीन हाय ते. अन् मॅडम हायतच की, आमाला फिकीर न्हाई."

मी शहाळं घेऊन उभी. स्ट्रॉ घालायची राहिलेली.

मृणालनं रेणुकेला विचारलं, "खरंच आधी कधीच दुखलं नव्हतं?" रेणुकेनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग वर पंख्याकडे. "न्हाई, मॅडम."

माझ्यासमोर माझ्यासाठी खोटं बोलली. अन् मी शहाळ्यात स्ट्रॉ घातली.

२७ नोव्हें.

ह्यांनी विचारलं, "काय झालंय तुला?" म्हटलं, डोकं दुखतंय. म्हणाले, "तुझंही दुखतं होय कधी?" गमतीनंच म्हणाले. मी ताट तसंच ठेवून उठले.

मैदानावर गेले. पळवलं नाही. सगळ्यांना सूर्यनमस्कार.

१ डिसेंबर, सोम.

रेणुकेच्या मावशीकडे गेले. मावशी जिनिंगला कामाला गेलेली, घरी एकटीच. खिडकीशी पाय उशीवर ठेवून बसलेली.

"कामून बोलली नाहीस?" मी तिच्याच बोलीत विचारलं, का कोण जाणे.

"तुमीच म्हणलाव की, दुखतं म्हणायचं न्हाई."

"दवाखान्यात विचारलं तेव्हा गं. तेव्हा तरी."

"तुमचं नाव खराब झालं असतं, मॅडम. मैदान बंद पडलं तर ह्या पोरी कुठं जातेत? घरी बसवतेत न्हाईतर लगीन."

मग म्हणाली, "तुमी बी सांगू नका. मेडिकलला विचारत्यात, जुनं दुखणं हाय का. पडले अन् मोडलं म्हणलं की झालं. जुनं हाय म्हणलं की काढून टाकत्यात."

मी म्हटलं, बरं.

परत येताना पाऊल हलकं पडत होतं. तिच्या भल्यासाठी गप्प राहायचं. किती सोयीचं. रेल्वे फाटकाशी आलं तेव्हा कळलं आपण कशानं हलक्या झालो. फाटक उघडलं तरी मी तिथंच. मागचा स्कूटरवाला म्हणाला, "ओ मावशी, जायचंय का राहायचंय?"

३ डिसें., बुध.

हाडांच्या डॉक्टरांना विचारलं, आडून आडून. ते म्हणाले, जुनी चीर एक्स-रेमध्येच दिसते, कुणी काही सांगो न सांगो. हाड नीट जुळलं की ते जुळलेलंच तपासतील. "आणि विद्यापीठातल्या मॅडमना तिनं खरं सांगितलं तर तिचं काय बिघडतं? त्या थोड्याच भरती घेतात?"

म्हणजे ती भीती रेणुकेची, तिला माहिती नाही म्हणून. मला तर विचारता आलं असतं पहिल्याच दिवशी. दोन दिवस त्या भीतीला घट्ट धरून बसले, कारण ती माझ्या कामाची होती.

संस्कृत आणि शारीरिक शिक्षण, दोन्हीत पदवी. इतक्या मुलींना ताठ उभं राहायला शिकवलं.

५ डिसें., शुक्र.

मृणालचा फोन. तीच आधी बोलत होती. यंत्राचा हिशेब मुळातून बदलायला घेतलाय, रेणुका कशी निसटली ते सापडत नाही, विभागातले सर चिडलेत, तिला वाटतंय तिनं डबीच चुकीची बांधली. "मला झोप नाही, मॅडम."

मी म्हटलं, डबी बरोबर होती. तिला दुखत होतं. तुम्ही यंत्र बांधलंत तेव्हाही.

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"तुम्ही इथं होतात तेव्हाच. पट्टी मी बांधली. मीच काढायला लावली."

"बाकीच्या?"

"सगळ्यांना मी सांगितलं होतं. मेडिकल समजा म्हणून."

"आणि ते उतरणं?"

"आदल्या दिवशी शिकवलं. तुम्ही फोनवर सांगितलंत त्यावरून."

मग म्हणाली, "मॅडम, मी काही शिक्षा करायला आले नव्हते हो. मी तुमच्या मुलींसाठीच आले होते."

ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ओरडणाऱ्यांशी कसं वागायचं ते येतं मला.

शेवटी: पुन्हा यावं लागेल. पहिलं सगळं रद्द. "आणि या वेळी तुम्ही हॉलमध्ये नसलात तर बरं."

७ डिसें., रवि.

रेणुकेचे वडील आलेले, मावशीही घरी. दोघांसमोर सांगितलं. उभ्यानं सांगितलं, बसवेना. रेणुका म्हणत राहिली, "मॅडम, कशाला? मॅडम, असू द्या."

मावशी भडकली. बरं झालं. "लेकराच्या पायापक्षा तुमचं नाव मोठं व्हय? आमी काय म्हणून धाडलं तुमच्याकडं? मारा, रागवा, पर ध्यान देतेत, म्हणून धाडलं ना!" मेहुणा, म्हणजे रेणुकेचे वडील, तिला आवरत होते. ती आवरेना. "शिकल्याली बाई तुमी. आमाला न्हाई कळत एक्सरे अन् फिक्सरे. तुमाला कळत व्हतं की न्हाई, एवढंच सांगा."

"कळत होतं."

निघताना वडील दारापर्यंत आले. वाटलं, आता बोलतील. त्यांनी विचारलं, "पाय जुळल्यावर हिला पुन्यांदा मैदानात घेताव का?" जीव तोडून विचारलं. जणू चूक तिची होती.

मान हलवली, ती हो होती की नाही, मलाही माहीत नाही.

८ डिसें., सोम.

सिमेंट रस्ता बंद. शाळेमागच्या मातीच्या मैदानातच, कमी. तिथं तण काढायला लावलं सगळ्यांना, मीही काढलं.

मग रांगेत उभं केलं. म्हटलं, आता खरं विचारतेय. कुणाचं काय दुखतं?

"दुखत नाही, मॅडम!"

म्हटलं, तसं नाही. मी मागं सांगितलं ते चुकीचं होतं. रेणुकेचं काय झालं पाहिलंत. आता सांगा.

जितकं विचारलं तितक्या जास्त ताठ. राधाच्या ओठात हसू. तिला वाटत होतं ही नवी प्रॅक्टिस आहे, घट्ट राहणारीला शाबासकी मिळणार. माझा आवाज चढला. "खरं सांगा म्हणते ना!" झालं. सगळ्यांच्या टाचा जुळल्या.

यापेक्षा चांगलं मी आयुष्यात काही शिकवलेलं नाही.

९ डिसें., मंगळ.

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, चष्मा पुसला. म्हणाले, "घरी तरी कुठं कुणी सांगत होतं तुला, दुखतंय म्हणून." विनोद नव्हता तो. मुलगा शाळेत असताना हात मोडून घरी आला होता, रात्री जेवताना कळलं आम्हाला. डाव्या हातानं जेवत होता. मी तेव्हा सगळ्यांना कौतुकानं सांगितलं होतं.

मुलाला फोन करावा वाटला. केला नाही. काय विचारणार?

१२ डिसें., शुक्र.

मृणाल आली. माझ्याशी बोलली, पण मोजकं. वाकली नाही. मुलींना एकेकीला हॉलमध्ये बोलावणार, दार बंद, मी नाही. हॉलच्या खिडक्यांतून मैदान दिसतं, म्हणून मैदानावरही नको. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसले. टपरीवाल्यानं खुर्ची पुसून दिली. "मॅडम आज भाईर? आत कोण शिकवायलंय?"

म्हटलं, आत शिकवणं नाही, विचारणं चाललंय.

"मग बरं हाय. चहा?"

दोन चहा झाले. पहिल्या दोघीतिघी पटकन बाहेर आल्या. त्यांनी काय सांगितलं असेल ते चेहऱ्यांवरूनच दिसत होतं. मग राधा आत गेली. बराच वेळ. कापसाचे टेम्पो जात होते, धुळीत दार दिसेना. टपरीवाला काहीतरी बोलत होता, मी हूं हूं करत होते. राधा इतका वेळ काय सांगतेय? तिचं तर कधी काही... मला काय माहीत. मला कुणाचंच काही माहीत नाही.

राधा बाहेर आली. नाक लाल, ओढणी तोंडाशी. फाटकापर्यंत सावकाश, उजवा पाय जपत. मग तिची नजर माझ्यावर पडली. लगेच ओढणी खाली, खांदे मागे, आणि रस्ता ओलांडून माझ्या दिशेनं चालू लागली, परेडमधल्यासारखी. दोन्ही पायांवर भार अगदी सारखा.

मला हाक मारायची होती. नीट चाल म्हणायचं होतं, म्हणजे लंगड असं म्हणायचं होतं. पण मी काहीही म्हटलं तरी तो हुकूमच झाला असता.

मी खुर्ची फिरवली. टपरीकडे तोंड, रस्त्याकडे पाठ. टपरीवाल्यानं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, ऊन.

पावलं पाठीमागून आली. बरोबरीची, टक टक. माझ्या खुर्चीजवळ थांबली. मी वळले नाही. मग पुढं निघाली, स्टँडच्या बाजूला. थोडं अंतर गेल्यावर एक पाऊल जड पडलं, एक घासत. मग पुन्हा तसंच.

मी ऐकत बसले. आत अजून निम्म्याहून जास्त मुली राहिलेल्या.